डिटॉक्सनंतरचा डोंगर

व्यसनमुक्ती केंद्रात पेशंट दाखल झाला की दोन-चार दिवसांत घरचे विचारतातच, "ते डोंगरावर वगैरे नेतात ना? मग लवकर न्या, म्हणजे जरा मन रमेल त्यांचं." नुसतं मनच रमवायचं असतं तर कॅरमबोर्ड पुरला असता. निवासी उपचारात ट्रेक, दोरावरची चढाई-उतराई, डोंगरातला मुक्काम हे घालायचं कारण वेगळं आहे. तलफ, चिडचिड, बढाया, थापा, मदत मागायची लाज, हे सगळं पेशंट समुपदेशनाच्या खोलीत तीन-तीन आठवडे झाकून ठेवू शकतो. चढणीवर ते तासाभरात उघडं पडतं आणि उघडं पडलं की त्यावर काम करता येतं. डोंगर चढून दारू सुटत नाही. औषधं, समुपदेशन आणि घरच्यांशी बोलणी हा मुख्य उपचार, डोंगर त्याच्या जोडीला. आम्ही समुपदेशक आणि गिर्यारोहण प्रशिक्षक मिळून मुंबईतल्या पेशंटांबरोबर हे करतो. प्रत्यक्षात ते कसं चालतं आणि कुठे बिघडतं, ते इथे मांडतो आहोत.

कधी न्यायचं हे शरीर ठरवतं. दारूच्या पेशंटचा शेवटचा घोट कधी झाला, तिथून घड्याळ लागतं. सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या 48 तासांत असतो. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो: नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, बीपी आणि ताप चढतो. हा जिवावरचा प्रकार आहे, म्हणून हे डिटॉक्सचे, म्हणजे शरीरातून नशा उतरायचे, दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम या शांत करणाऱ्या गोळ्यांचा डोस रोज थोडा-थोडा खाली आणतात, थायमिन (जीवनसत्त्व बी-1) देतात, आणि ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन त्याच्या आधी. गर्दवाल्यांची टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावरचा त्रास, दिसायला भयंकर असते. हातपाय मोडून येतात, जुलाब लागतात, नाक-डोळे वाहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते आणि आठवडाभरात उतरते, पण झोप महिनाभर जाग्यावर येत नाही. एमडी (मेफेड्रोन) घेणारी पोरं पहिले काही दिवस नुसती झोपून असतात. त्यानंतर मन जे खाली बसतं, ते अनेक आठवडे. बाहेर नेताना सगळ्यात जास्त लक्ष या पोरांकडे द्यावं लागतं.

त्यामुळे पहिले दोन आठवडे डोंगराचं नावही काढत नाही. झोपेची आणि थरथर थांबवायची औषधं पूर्ण उतरल्याशिवाय कोणाला दोराला हात लावू देत नाही, कारण त्या गोळ्यांनी तोल आणि लक्ष दोन्ही मंदावतं.

मग तपासण्या. लिव्हर फंक्शन, प्लेटलेट, साखर, क्रिएटिनिन, ईसीजी हे सगळीकडेच करतात. प्लेटलेट फार कमी, पोटात पाणी किंवा रक्ताची उलटी होऊन गेलेली असेल तर तो माणूस केंद्राच्या अंगणातच फिरेल, एवढं सरळ. आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित तपासणी तळपायांची. वर्षानुवर्षं दारू आणि त्यात जीवनसत्त्वांचा तुटवडा, यांनी पायाच्या नसा बधिर होतात. पेशंट स्वतःहून सांगत नाही, त्याला वाटतं वयामुळे असेल. कंपन जाणवतं का ते बघायला डॉक्टर अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवतात, आणि आम्ही व्हरांड्यातल्या लादीच्या रेघेवरून टाच-चवडा जोडत दहा पावलं चालायला लावतो. जो झुकतो त्याला चढण एकवेळ जमेल, उतरण जमणार नाही. पडायचा धोका उतरतानाच जास्त.

औषधांची यादी प्रशिक्षकाकडे असलीच पाहिजे. इथे केंद्रं हमखास गडबड करतात: यादी सिस्टरच्या फाइलमध्ये राहते आणि प्रशिक्षकाला फक्त माणसांचा आकडा मिळतो. प्रोप्रानोलॉल चालू असलेल्याची नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडीवरून दम ओळखता येत नाही. त्याच्याशी गप्पा मारत राहायचं आणि चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघायचं. लिथियम घेणाऱ्याला पाणी-मीठ कमी पडलं तर औषध रक्तात साठून विषारी होतं. त्याला उन्हाळ्यात नेऊच नये. तलफ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर पाय मोडल्यावर ट्रामाडोलसारखी वेदनाशामकं लागू पडत नाहीत, म्हणून तसं लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं. खराब यकृताच्या माणसाला पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, आणि आयब्युप्रोफेन टाळायचं. डायसल्फिराम ही दारू घेतली तर त्रास होणारी गोळी आहे. तिच्यावर असलेल्याला अल्कोहोलचा अंश असलेलं काहीही चालत नाही. गोळी बंद केल्यावरही तिचा असर जवळपास दोन आठवडे राहू शकतो.

संमतीचंही बोलून घेऊ. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार येतात. स्वतःहून दाखल झालेला आणि कलम 89 खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, बहुधा घरच्यांपैकीच कोणाच्या, अर्जावरून दाखल केलेला, या दोघांची कायदेशीर परिस्थिती वेगळी असते. आमची पद्धत अशी की दाखल कसाही झालेला असो, बाहेर नेण्यासाठी त्याची स्वतःची वेगळी लेखी संमती हवी, मराठीत, समजावून घेतलेली. प्रशिक्षकांची संस्था बाहेरची असेल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे तिची नोंदणी आणि विमा तपासून घ्यावा. "नीट वागलास तर ट्रेकला नेऊ" हे मात्र कोणीही म्हणू नये. मग पेशंट नीट वागल्याचं नाटक करतो आणि खरी तलफ लपवतो.

पायऱ्या अशा. आधी केंद्रातच रोज पाऊण तास चालणं आणि जिना चढणं. मग बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. दम किती आहे, चपलेने पाय कुठे सोलतो, कोण मागे पडतो, कोण मुद्दाम पुढे पळतो, सगळं तिथे कळतं. सोमवारी उद्यान बंद असतं, हे विसरून फाटकावरून परत फिरलेले गट बरेच पाहिलेत. त्यानंतर अर्ध्या दिवसाचा किल्ला: पनवेलजवळचं कर्नाळा सोयीचं आहे, वाट ठळक आहे आणि सावली आहे. पण वरच्या सुळक्याला आग्या मोहोळ असतं, तिथे धूर, सेंट आणि आरडाओरडा नको. मुक्कामासाठी कर्जतच्या बाजूचा कोथळीगड किंवा राजमाची. कोथळीगडाच्या सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या आहेत. भित्र्यातला भित्रा पेशंटही तिथे टोकापर्यंत जातो आणि पुढे आठवडाभर ते सांगत राहतो. दोराचं काम मुंब्र्याच्या कातळांवर, जिथे मुंबईचे गिर्यारोहक सराव करत आले आहेत.

दिवस मंगळवार ते गुरुवारमधला घ्यावा. शनिवार-रविवारी कर्जतच्या प्रत्येक वळणावर कोणीतरी गाडीच्या बॉनेटवर बाटली मांडून बसलेलं असतं. गटारीच्या आधीचा आठवडा, होळी, 31 डिसेंबर हे तर बादच. वाट ठरवताना प्रशिक्षक उंची आणि पाणी बघतो. आमच्याकडे समुपदेशकही आधी एकदा ती वाट चालून येतो आणि देशी दारूचं दुकान, ताडीची झोपडी, हातभट्टीचा वास येणारा ओढा कुठे आहे ते टिपून ठेवतो. सगळं टाळता येत नाही. पण अचानक समोर येणं आणि "दहा मिनिटांनी उजव्या हाताला गुत्ता लागेल" हे आधीच माहीत असणं, यात फार फरक पडतो. पावसाळ्यात दोर नाही. कातळाला शेवाळ असतं आणि बुटाला पकड मिळत नाही. मार्चनंतर पहाटे साडेपाचला चालायला लागून दहाच्या आत खाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

बॅगा आदल्या रात्री सगळ्यांच्या समोर भरतो आणि तपासतो, अगदी कर्मचाऱ्यांच्या बॅगाही, म्हणजे कोणाला अपमान वाटत नाही. खोकल्याचं औषध, डिओ, सॅनिटायझर, माउथवॉश बाहेर. हात धुवायला साबणाची वडी. प्रथमोपचाराच्या पेटीत स्पिरिट ठेवत नाही, पोव्हिडोन आयोडीन ठेवतो. एक गोष्ट नवख्या प्रशिक्षकाच्या डोक्यात येत नाही: बुटाचा तळ निघाला तर चिकटवायला आणलेलं सोल्युशन. त्याची नशा करणारी पोरं गटात असतात, आणि ती ट्यूब सॅकच्या वरच्या खणात ठेवलेली असते. तळ निघाला तर रुंद चिकटपट्टी आणि नायलॉनची दोरी बांधून उतरायचं. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या, कोणीतरी दिलेल्या बुटांचे तळ हटकून निघतात. म्हणून आधी चार दिवस तेच बूट घालून जिन्यावर चालायला लावायचं. तंबाखूची पुडी मोज्यात सापडते. तंबाखूवर प्रत्येक केंद्राचं धोरण वेगळं असतं. आम्ही निकोटिनची च्युइंगम मोजून देतो. दारू सोडताना तंबाखूवर भांडण काढायची वेळ डोंगरावरची नव्हे, असं आमचं मत आहे, त्यावर आमच्यातच वाद आहेत.

दहा पेशंटांमागे दोन प्रशिक्षक, दोन समुपदेशक आणि एक ब्रदर. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसची पुडी. खाणं दर दीड-दोन तासांनी, भूक असो-नसो. दारूने खराब झालेल्या यकृतात साखरेचा साठा नसतो, आणि उपाशी चाललेल्या माणसाची साखर झपकन खाली येते. तो चिडतो, उलटसुलट बोलतो, पाय लटपटतात. बरोबरच्यांना वाटतं याने कुठूनतरी घेतली. आधी ग्लुकोमीटर लावा, मग संशय घ्या. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, केळी, दशम्या पुरतात. मधुमेह असेल तर डॉक्टरांनी आखून दिलेलं.

चालताना नियम एकच: सगळ्यात हळू चालणारा पुढे. त्याने दोन गोष्टी होतात. मागे पडल्याची लाज उरत नाही, आणि जोरात पळणाऱ्याला थांबायला शिकावं लागतं. हे दुसरं जास्त अवघड. व्यसनात माणसाला सगळं लगेच हवं असतं आणि इथे पुढच्याची पाठ बघत तासभर चालावं लागतं. शिव्या ऐकू येतात. समुपदेशक मधेच हळूच विचारतो, "आत्ता काय चाललंय डोक्यात? दहापैकी किती?" तलफ वर चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, हे पेशंटने वर्गात ऐकलेलं असतं. चढणीवर तो आकडा स्वतः सांगतो: आठ, मग सात, मग पाण्याच्या टाक्यापाशी तीन. त्याची वही त्याच्याकडे असते, तो तिथेच लिहितो. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांत तलफ वाढते, हेही तिथे वेगळं शिकवावं लागत नाही.

दोराच्या दिवशी सगळ्यांना वाटतं मोठी गोष्ट म्हणजे खाली उतरणं. आम्हाला मोठी वाटते ती बिले, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणं. वरच्या बाजूला दोन वेगवेगळे अँकर (दोराचे पक्के आधार), त्यांना जोडलेला टॉप रोप, चढणाऱ्याच्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) आठाची गाठ, स्क्रू कॅरॅबिनर (स्क्रूने बंद होणारी धातूची कडी) बंद आहे का हे बोलून आणि हाताने दाबून बघणं, दोघांनी एकमेकांचं. मग दोराचं दुसरं टोक पेशंटच्या हातात द्यायचं. त्याच्या मागे आणखी एक पेशंट दोराची शेपटी धरून उभा, आणि प्रशिक्षकाचा हात त्या दोघांच्या मध्ये. ज्याच्या हातात घरचे शंभर रुपये देत नाहीत, त्याच्या हातात आता दुसऱ्याचा जीव असतो. वरून आवाज येतो, "दादा, धरलंयस ना?" खालचा माणूस उत्तर द्यायला वर बघतो, आणि नेमका तेव्हा त्याचा ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून सैल होतो. प्रशिक्षक ओरडत नाही, फक्त त्याचं मनगट खाली दाबतो: "बोला की, बोलायला काही हरकत नाही. पण हा हात सुटायचा नाही." हे वाक्य संध्याकाळच्या शेअरिंगमध्ये निम्म्या लोकांच्या तोंडी येतं, आपण सांगायची गरज पडत नाही.

एमडी घेणाऱ्या पोरांना दोर फार आवडतो. म्हणूनच त्यांना सुरुवातीला वर सोडत नाही, आधी खाली बिले करायला बसवतो. त्यांना उंचीची झिंग हवी असते, आणि एका झिंगेच्या जागी दुसरी बसवली तर घरी गेल्यावर डोंगर नसतो, डीलर मात्र एका फोनवर असतो. उलट पन्नाशीचे काका कड्याच्या काठावर बसतात आणि "मला नाही जमणार" म्हणतात. ठीक आहे, नका उतरू. नाही म्हणता येणं हाही सरावच आहे, कारण बाहेर गेल्यावर मित्र ग्लास पुढे करतील तेव्हा हेच म्हणायचंय. पण नाही म्हटल्यावर बसून राहायचं नाही, अँकरपाशी हेल्मेट तपासायचं काम घ्यायचं. फिट येऊन गेलेल्यांना पाण्यातला कुठलाही प्रकार नाही. कुंडलिका नदीवरचं कोलाडचं राफ्टिंग सगळ्यांना हवं असतं, आम्ही ते उपचारात धरतच नाही. आसपासच्या रिसॉर्टांमध्ये दुपारपासून काय चालतं ते माहीत असणाऱ्याला कारण सांगायला नको.

मुक्कामाच्या रात्री अर्धा तास एकट्याने बसणं असतं. शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर, कड्यापासून लांब, टॉर्च बंद. आत्महत्येचे विचार येऊन गेलेल्या पेशंटला यात घ्यायचं नाही, आणि ही माहिती आदल्या दिवशीच्या मुलाखतीतून ताजी करून घ्यायची, महिनाभरापूर्वीच्या फाइलवरून नव्हे.

उपचार बिघडतो तो बहुधा परतीच्या वाटेवर. सगळे खुश, अंग दुखतंय, पाठ थोपटली गेलीय, फोटो काढून झालेत. दुःखाच्या तलफेची तयारी सगळ्यांनी केलेली असते, खुशीची तलफ कोणी धरलेली नसते. "आज तर झालाच पाहिजे" हे वाक्य मुंबईत आनंदालाच चिकटलेलं आहे. म्हणून पहिल्या वेळी भाड्याची गाडी दारापर्यंत, वाटेत धाब्यावर थांबणं नाही. नंतरच्या फेरीला मुद्दाम लोकलने आणतो, कारण शेवटी त्याला त्याच लोकलने घरी जायचंय आणि स्टेशनबाहेरचा बार त्याच जागी असणार आहे. पुलावरून कुठल्या बाजूला उतरायचं, हे त्याच्याकडूनच ठरवून घेतो. त्याच रात्री, आंघोळ-जेवण झाल्यावर पाऊण तास बैठक. दुसऱ्या दिवसावर ढकलली की सगळं गड-किल्ल्यांच्या गप्पांत जिरतं. प्रश्न साधे ठेवतो: सोडून द्यावंसं कुठे वाटलं, तेव्हा काय केलं, घरी अशी जागा कुठली आहे. "सह्याद्रीने मला बदललं" छाप भाषणं सुरू झाली की समुपदेशक शांतपणे विचारतो, "पगाराच्या दिवशी किती वाजता सुटता? कोण बरोबर असतं?"

रविवारी घरचे येतात. बायको फोटो बघते आणि म्हणते, "डोंगर चढला, छान झालं. घरातला पाण्याचा हंडा कोण भरणार?" तिचं बरोबर असतं. त्या बैठकीत घरी गेल्यावरची पहिल्या दोन आठवड्यांची वेळापत्रकं लिहितो: गोळी कोणासमोर घ्यायची, पैसे कोणाकडे, संध्याकाळी सहा ते नऊ कुठे, एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची) मीटिंग कुठली. गर्द सोडलेल्यांच्या घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. आठवडे-महिने बंद राहिल्यावर शरीराची सवय गेलेली असते, आणि घसरून पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. तसं झालं, हलवून जाग येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर भांडत न बसता 108 ला फोन. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं आणि सोडून जायचं नाही. श्वास थांबला असेल तर 108 वरचा माणूस सांगेल तसं लगेच करायला लागायचं. घसरण झाली आणि माणूस शुद्धीत असेल तर दुसऱ्याच दिवशी केंद्रात आणायचं. रात्री-अपरात्री बोलायला व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस 14416 आहे, दोन्ही मोफत. हे दोन आकडे आम्ही वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेशंटच्याच हाताने लिहून घेतो. ट्रेकच्या यादीत नाव असो किंवा नसो, वही सगळ्यांकडे असते.